एक ओळ मागून गाणाऱ्या आत्या

मुलांनो,

तुमचं पत्र परवा मिळालं. तिकडे गेल्यापासून हे तुमचं तिसरं चर्च. "सगळं वेळेवर सुरू होतं, वेळेवर संपतं, दारात एक माणूस हसून हात मिळवतो. पण आजी, ही खरी मंडळी आहे की नुसती गर्दी, हे ओळखायचं कसं?" असं तुम्ही विचारता. मला विचारता, कारण आजीला यातलं कळतं असा तुमचा समज आहे. तो समज मी पुष्कळ वर्षं काळजीपूर्वक जोपासला आहे, त्यामुळे आपल्याच हाताने तो मोडणं जरा जिवावर येतं. पण खरं ते सांगते. एक चांगली चालती मंडळी मी एका तक्त्याच्या जोरावर जवळजवळ बंद पाडली होती. तक्ता मात्र फार सुरेख झाला होता.

मी लग्न होऊन पुण्याहून पौडला गेले, तेव्हा पन्नास साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती. तुमचे आजोबा तिथे गुरांचे सरकारी डॉक्टर होते. मुळशी पेट्यातले बैल, म्हशी, शेळ्या, मेंढ्या आमच्या दारात येत. अंगणात जनावर अडकवायचा लाकडी खोडा होता आणि त्यासमोर आमचा ओटा. मी मिशनच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, मॅट्रिकला इंग्रजीत वर्गात पहिली. गेल्या गेल्या मी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर इंग्रजीत चिठ्ठ्या लावल्या. कामाला येणाऱ्या बाईला मराठीही वाचता येत नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं ते चहात खायचा सोडा पडल्यावर.

तिथल्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशीची गोष्ट. एक म्हातारे शेतकरी बैल घेऊन आले होते. बैल खोड्यात, आजोबांचा हात बैलाच्या तोंडात, आणि म्हातारबुवांचं लक्ष दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे.

"डाक्टर, मंडळी आनली म्हनं."

"हो, आणली."

"मंग ते लोक रैवारी कशाला जमत्यात तुमच्याकडं?"

"ती आमची मंडळी. उपासनेला जमते."

म्हातारबुवांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आनि मंग ही कोन?"

तुमचं मराठी आता पातळ झालं असेल, म्हणून सांगते. आपण ख्रिस्ती लोक चर्चच्या माणसांना मंडळी म्हणतो. आणि गावाकडे पुरुष आपल्या बायकोचं नाव न घेता 'आमची मंडळी' म्हणतात. आजोबांनी त्यांना हा फरक समजावून सांगितला. म्हातारबुवांनी तो ऐकून घेतला आणि बैल सोडताना म्हणाले, "येक सांबाळताना आमचा जीव जातोय, डाक्टर. तुमी दोन कशा सांबाळता?"

ती दुसरी मंडळी म्हणजे सात-आठ घरं. सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई, रस्त्याच्या कामावरचे मुकादम आणि त्यांच्या टोळीतली तीन-चार कुटुंबं, असे सगळे नोकरीच्या वाऱ्याने तिथे येऊन पडलेले. बहुतेक मूळचे नगरकडचे. पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, महिन्यातून एकदा एस.टी.ने पुण्याहून येत आणि प्रभुभोजन देत, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटत. बाकीचे रविवार आजोबाच शास्त्रपाठ वाचत. उपासना आमच्या ओट्यावर, एका बाजूला जंताच्या औषधाच्या बाटल्या आणि दुसऱ्या बाजूला माझी पेटी.

आणि आत्या. त्या नात्याने कुणाच्याच आत्या नव्हत्या. रस्त्याच्या आधीच्या एका टोळीबरोबर आल्या, नवरा इथेच वारला, ती टोळी पुढे गेली आणि त्या ओढ्यापलीकडे एका खोपीत चार कोंबड्या घेऊन राहिल्या. वय त्यांना ठाऊक नव्हतं. कानाने फार कमी ऐकू यायचं. त्यामुळे गीत गाताना त्या आपल्या शेजारणीच्या ओठांकडे बघत आणि सगळ्यांच्या एक ओळ मागून गात. आवाज मात्र असा, की खोड्यातलं जनावर कान टवकारायचं.

मी गेले तेव्हा त्या मंडळीची रीत अशी होती. उपासना दहाची, पण सगळे आल्यावर सुरू व्हायची. मुकादमांची माणसं मुठा खोऱ्याच्या बाजूने डोंगर उतरून येत, कधी अकराही वाजत. कुणी आलं नाही तर कुणीतरी उठून बघून यायचं. आणि गीताच्या प्रत्येक कडव्यानंतर सगळे गप्प उभे राहत, आत्यांची शेवटची ओळ पुरी होईपर्यंत. मग पुढचं कडवं. चार कडव्यांच्या गीताला पाव तास लागे.

मला हे सहन होईना. एका रविवारी तर टोळीतल्या एका बाईला ताप आला म्हणून अख्खी मंडळी उठून तिच्या घरी गेली आणि तिथेच उपासना झाली. मी चुलीवर भात ठेवला होता. भात करपला आणि माझं मन देवाकडे लागायच्या ऐवजी पातेल्याकडे लागलं. घरी येऊन मी आजोबांना म्हटलं, "याला काही शिस्त?"

"शिस्त नाही," ते म्हणाले, "पण ताप उतरला तिचा."

"तो क्विनाईनने उतरला."

"क्विनाईन कुणी नेलं?"

नर्सबाईंनी नेलं होतं. पण मुद्दा सोडून बोलायची त्यांची सवय मला ठाऊक होती, म्हणून मी उत्तर दिलं नाही.

पुढच्या तीन महिन्यांत मी सुधारणा केल्या. कुणी सांगितल्या नव्हत्या. शिकलेली आहेस, तूच चिटणीस हो, एवढं म्हणायची आजोबांनी चूक केली होती. पहिली सुधारणा, दहाच्या ठोक्याला पेटी सुरू. दुसरी, हजेरीचं रजिस्टर, त्यात 'ह', 'गै' आणि कारण असे रकाने. तिसरी, गीत एका लयीत, कडव्यांमध्ये थांबणं बंद. पहिल्या रविवारी सगळे सवयीने थांबले. मी पेटी वाजवत पुढे गेले. तेही मग धडपडत माझ्या मागून आले आणि गीत संपल्यावर आत्या एकट्याच उरलेली ओळ गात राहिल्या. त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी तोंडावर पदर घेतला. त्यानंतर त्या नुसते ओठ हलवू लागल्या. मला वाटलं, चला, सुधारणा झाली.

चौथी सुधारणा म्हणजे तो तक्ता. आजारी, एकट्या माणसांना कुणी कधी भेटायचं, याचा काही हिशेबच नव्हता. एकाकडे एका दिवशी चौघं जात आणि चौघंही कालवण घेऊन. म्हणून जुन्या कॅलेंडरच्या जाड पुठ्ठ्यावर मी पट्टीने रेघा मारल्या, दोन शायांनी नावं लिहिली आणि वर ठळक अक्षरात लिहिलं, 'मंडळीच्या पाळ्या'. तो ओट्याच्या भिंतीवर लागला तेव्हा बायका एकमेकींना कोपर मारून हसल्या. नर्सबाईंनी मला आत नेऊन हसण्याचं कारण सांगितलं. ते तुम्ही तुमच्या आईला विचारा. मी मथळा खोडून 'घरभेटीचे वार' केला.

पाळकसाहेबांनी तो तक्ता पाहिला आणि म्हणाले, "बाई, अशी व्यवस्था पुण्याच्या मोठ्या मंडळीतही नाही हो." हे वाक्य मी त्या महिन्यात आजोबांना जेवताना निदान सहा वेळा ऐकवलं. सातव्या वेळी ते म्हणाले, "पुण्याच्या मंडळीत आत्या नाहीत."

पावसाळा आला. ओढ्यापलीकडच्या घरांवर त्या आठवड्यात माझं नाव होतं. पण पुढच्या रविवारी पाळकसाहेब प्रभुभोजनासाठी येणार, त्यांच्या जेवणाची तयारी, पडदे धुणं. तेव्हा मी नर्सबाईंशी वार बदलला. म्हणजे तक्त्यावर पेन्सिलीने माझ्या नावापासून त्यांच्या नावापर्यंत एक छोटा बाण काढला. तोंडी सांगायचं मला सुचलं नाही. तोंडी सांगावं लागू नये म्हणून तर तक्ता होता.

पाळकसाहेब यायच्या आधीच्या रविवारी आत्या आल्या नाहीत. मुकादम दाराकडे बघत म्हणाले, "आत्या न्हाई आल्या."

मी म्हटलं, "दहा वाजले," आणि भाता ओढला.

रजिस्टरमध्ये मी 'गै' लिहिलं. कारणाच्या रकान्यात चांगल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'कळवलेले नाही'.

आठवडा गेला. पुढच्या रविवारी पाळकसाहेब पहिल्या गाडीने आले. ओट्यावर मी कडक इस्त्रीचा पांढरा कपडा अंथरला होता, त्यावर ताटात भाकर झाकून ठेवली होती. प्रभुभोजनाची ती खमीर नसलेली भाकर मी स्वतः भाजत असे, अगदी गोल, वाटीने कापून. दहाला पाच कमी होते. आत्यांची जागा आजही रिकामी होती आणि आज तिकडे बघायचं सगळे टाळत होते, हे मला दिसलं, आणि मीही टाळलं.

तेवढ्यात एक धनगरीण शेळी ओढत अंगणात आली. शेळीच्या खुरात चिखल्या झाल्या होत्या. ओढ्याच्या वरच्या अंगाला धनगरांची चार घरं होती, त्यांतली ती.

"डाक्टर हायेत का?"

"आहेत, पण आत्ता उपासना आहे. शेळी बांध आणि थांब थोडी."

तिने शेळी खोड्याला बांधली. मग कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत राहिली.

"ही सगळी तुमची मंडळी का?"

"हो."

"मंग ती म्हातारी कुनाची?"

सगळ्यांच्या नजरा आत्यांच्या रिकाम्या जागेकडे गेल्या.

"ओढ्याजवळची, कोंबड्यावाली. धोंड्यावरनं घसरून पडलीया, दहा दिस झालं. पाय उचलत न्हाई तिचा. मी सांजसकाळ पानी देतीया, भाकर ठिवतीया. रोज म्हनतीया, आज येतील माझी मानसं. मी म्हनलं, कुटं हायेत गं तुजी मानसं?" आणि मग तिने भिंतीवरच्या तक्त्याकडे हनुवटी केली. "तुमच्यात कागद हाय म्हनं, कुनी कवा जायाचं त्याचा. मला म्हातारीनंच सांगितलं. लई चांगला कागद हाय म्हनली."

नर्सबाईंनी तक्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माझा वार पुढच्या आठवड्यात आहे ना?"

मी म्हटलं, "बाण आहे तिथे."

"कुठे?"

पावसाच्या ओलीने पेन्सिल पुसट झाली होती. पण तसं म्हणायला मी उठले, बोट ठेवून दाखवायला लागले, आणि हे मी पन्नास माणसांपुढेही कबूल करीन, त्या क्षणी मला सगळ्यात जास्त वाटलं ते हे की चूक माझी नाही, हे सिद्ध झालं पाहिजे.

मुकादम खाली मान घालून म्हणाले, "सोमवारी मी तिथनंच गेलो, बाई. खोपीचं दार बंद दिसलं. मनात आलं, बघावं. मग म्हनलं, डॉक्टरीणबाईंचा वार हाय, आपन कशाला मधी पडा."

आजोबा आत जाऊन लाकडी फळ्या आणि बँडेजपट्टी घेऊन आले.

आता मी काय बोलले ते सांगते, कारण ते वगळलं तर पत्र लिहिण्यात अर्थ नाही. मी म्हटलं, "दहा वाजलेच आहेत. उपासना उरकून सगळेच जाऊ. पाळकसाहेबांची परतीची गाडी आहे."

मुकादमांनी चपला घातल्या. त्यांच्यामागून टोळीतल्या बायका उठल्या. नर्सबाई केव्हाच फाटकाबाहेर गेल्या होत्या. पाळकसाहेब वयस्कर माणूस, गाडीच्या वेळेला फार जपायचे. त्यांनी द्राक्षरसाची बाटली पिशवीत घातली, झगा खांद्यावर टाकला आणि मला म्हणाले, "चला बाई," आणि माझी वाट न बघता निघाले.

ओट्यावर मी, पेटी, पांढरा कपडा. आतल्या घड्याळात दहाचे ठोके पडले, अगदी वेळेवर.

धनगरीण म्हणाली, "तुमी न्हाई जात?"

"घर उघडं आहे."

"मी बसते की हितं. शेळी तर बांधलीच हाय."

मी घाईने ओट्यावरचं उचललं, पायांत पुण्याच्या बाटा-छाप टाचेच्या चपला तशाच, आणि निघाले. त्यांतली एक चप्पल बांधावरच्या चिखलात राहिली. दुसरी मी हातात घेतली. ओढ्याला गुडघाभर पाणी होतं. मी पलीकडे पोचले तेव्हा साडी मांडीपर्यंत भिजलेली, एका हातात एक चप्पल, आणि काखेत, भाकर आणली म्हणून बघते तर, हजेरीचं रजिस्टर.

खोपीत जागा नव्हती, निम्मी मंडळी बाहेर पावसात उभी होती. आत्या गोधडीवर पडलेल्या. आजोबा आणि नर्सबाई पायाला फळ्या बांधत होते आणि आत्या दात आवळून छताकडे बघत होत्या. मला वाटलं होतं, उपासना सुरू झाली असेल. पण सगळे गप्प होते.

"सुरू नाही केलंत?" मी विचारलं.

मुकादम म्हणाले, "आत्या म्हनल्या, पेटीवालीला येऊ दे."

येताना चिखलातून मी मनात माफीचे मुद्दे तयार केले होते. सवयच ती. तीन मुद्दे होते. मी आत्यांच्या उशाशी वाकून, खोपीतल्या माणसांना ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हटलं, "आत्या, माझी चूक झाली."

"आं?"

"माझी चूक झाली," जरा मोठ्याने.

"व्हय, व्हय. हायेत अंडी. टोपलीत बघ."

तिसऱ्यांदा मी ओरडले. खोपीच्या कुडातून ते पलीकडच्या धनगरांच्या घरांपर्यंत गेलं असणार. "मी चुकले, आत्या. माझा वार होता आणि मी आले नाही."

आत्यांनी माझ्या ओठांकडे नीट बघितलं, मग मुकादमांकडे. मुकादमांनी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "म्हनत्यात, त्या चुकल्या."

"मंग?" आत्या म्हणाल्या. "कोन न्हाई चुकत? रडू नगंस बाय. पेटी कुटंय?"

बाकीचे दोन मुद्दे राहूनच गेले.

प्रभुभोजनाची माझी गोल भाकर ओट्यावर राहिली होती. पाळकसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. आत्यांच्या उशाशी फडक्यात नाचणीची एक भाकरी होती, धनगरणीने सकाळी ठेवलेली. त्यांनी नर्सबाईंकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं, माझ्याकडे मात्र पाहिलं नाही. मग त्यांनी आत्यांना खुणेने विचारलं आणि ती उचलली.

आधी गीत झालं. पेटी नव्हती, मुकादमांनी सूर धरला, तोही जरा वरचाच. कडवं संपलं आणि सगळे थांबले. आत्या एक ओळ मागे होत्या, पायाची कळ आली की मधेच अडखळत होत्या. थांबून थांबून चार कडवी झाली. किती वेळ लागला ते सांगता येत नाही. घड्याळ घरी होतं.

पाळकसाहेबांची गाडी चुकली. रात्री ते आमच्याकडे राहिले आणि धुतलेले पडदे त्यांनी पाहिलेसुद्धा नाहीत.

आत्यांचा पाय पुढे जोडला गेला, पण वाकडा. काठी घेऊन त्या खोपीभोवती फिरत, ओढा काही ओलांडता येईना. तेव्हा उपासनाच तिकडे नेली, त्या होत्या तोपर्यंत, म्हणजे पुढली तीन वर्षं. आजोबा पेटी डोक्यावर घेऊन ओढा उतरत. सुरू करायची वेळ कुणी ठरवली नाही. तक्ता मी भिंतीवरून काढला तेव्हा आत्यांनीच तो मागून घेतला. पुठ्ठा जाड होता, अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीच्या टोपलीवर झाकण म्हणून चांगला बसला. पुढची बरीच पिल्लं माझ्या दोन शायांखाली निघाली.

आता तुमचा प्रश्न. मला नेमकं उत्तर येत नाही. हवं तर एक रविवार अर्धा तास उशिरा जाऊन बघा. पण हा आजीचा सल्ला आहे, आणि आजीच्या पद्धतींचं काय होतं ते तुम्ही आत्ताच वाचलंत.

ते बैलवाले म्हातारबुवा पुढेही येत राहिले. एका रविवारी आम्ही निघालो होतो. पुढे आजोबा पेटी घेऊन, मागे नर्सबाई, मुकादम, त्यांची माणसं, आणि सगळ्यांच्या मागे मी, अनवाणी, चपला हातात. ते बांधावर बसले होते.

"डाक्टर, चालली का मंडळी?"

आजोबांनी वळून विचारलं, "कोणती?"

म्हातारबुवांनी एकदा त्या सगळ्यांकडे पाहिलं, एकदा माझ्या चिखलाच्या पायांकडे. "आता काय येगळी वळखू येती व्हय?" ते म्हणाले. "पर ती मागची लई हळू चालतीया. थांबा जरा तिच्यासाटी."

आणि ते सगळे थांबले.